टी-शर्ट नंतर, आधी टेपा

बालचित्रवाणीचे टी-शर्ट छापायचं आमच्या ग्रुपवर ठरत होतं. मी विरोध केला, म्हणून एका मित्राने मला ‘नॉस्टॅल्जियाचा दुश्मन’ ही पदवी दिली. ग्रुपवर एवढं लांब टाइप करणं शक्य नाही आणि केलं तरी कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय.

बेत साधा होता. छातीवर ‘बालचित्रवाणी’ हे नाव, त्याच जुन्या टीव्हीच्या अक्षरांत. पाठीवर काहीतरी गमतीदार. काळा आणि मरून असे दोन रंग. किंमत ५९९. आमच्या वसईत अशा कामासाठी लांब जावं लागत नाही. पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यात गाळ्यांच्या रांगा आहेत, आणि प्लास्टिकच्या वस्तूंपासून कपड्यांवरच्या छपाईपर्यंत सगळं तिथे होतं. भाव विचारायला मीही सोबत गेलो होतो. गाळेवाल्याने मोबाइलवर डिझाइन पाहिलं आणि विचारलं, “ये कौनसा ब्रँड है? कॉपीराइट का लफडा तो नहीं?” मित्र म्हणाला, “सरकारी है. बंद हो गया.” गाळेवाला निश्चिंत झाला. “फिर क्या टेन्शन!”

माझा सगळा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. सरकारी आहे, बंद झालंय, मग टेन्शन कसलं? टेन्शन नेमकं तेच आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने वर्षभराचा एक प्रयोग केला. त्याचं नाव ‘साइट’. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले आणि उपग्रहावरून थेट शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले. ज्या खेड्यांनी सिनेमाही धड पाहिला नव्हता, तिथे उपग्रह पोहोचला. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि देशाचा स्वतःचा उपग्रह हाताशी आला. मग प्रश्न आला, दाखवायचं काय आणि कुठल्या भाषेत? दिल्लीत बसून सगळ्या भाषांतले कार्यक्रम बनवणं अशक्य होतं. म्हणून सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या संस्था उभ्या राहिल्या. या वेळी महाराष्ट्र यादीत होता. १९८४ मध्ये पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी जी संस्था सुरू झाली, ती बालचित्रवाणी.

म्हणजे हे मनोरंजनाचं चॅनल नव्हतं. कुठल्या कंपनीने ‘मुलांचं मार्केट’ बघून काढलेलं दुकानही नव्हतं. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या वयाच्या मुलांसाठी, त्यातही खेड्यातल्या सरकारी शाळेतल्या मुलांसाठी, त्यांच्या भाषेत टीव्हीवर काहीतरी असावं म्हणून जनतेच्या पैशातून ती उभी राहिली. कार्यक्रम आजच्या हिशेबाने संथ होते. बाहुल्या होत्या, कागदकाम होतं, घरातल्या ताटवाटीतून केलेले प्रयोग होते. कुणीही पडद्यावरून किंचाळत नव्हतं. शीर्षकाची धून सुरू झाली की अंघोळीला निघालेलं पोर टॉवेलसकट टीव्हीपुढे थांबायचं. माझ्या वयाच्या लोकांना ती संस्था उतारवयातलीच आठवते, पण आठवते.

२०१७ मध्ये राज्य सरकारने ती बंद केली. त्याआधी कित्येक वर्षं अनुदानाचा घोळ होता, कर्मचाऱ्यांचे पगार थकल्याच्या बातम्या येत होत्या. बंद झाली तेव्हा पेपरांत बातम्या आल्या, काही जुन्या माणसांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला. मोर्चा नाही, हॅशटॅग नाही. त्या वर्षी आमच्या पिढीच्या हातात फोर-जी नुकतंच आलं होतं, आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. आता आठ-दहा वर्षांनी, पगार बरा झाल्यावर, आपल्याला ती एकदम आठवते. आणि आठवल्यावर पहिली गोष्ट सुचते ती तिला छातीवर मिरवायची.

यावर ग्रुपमधला पहिला युक्तिवाद असा होता: “अरे, सेसमी स्ट्रीट बघ. एल्मोचे टी-शर्ट जगभर विकले जातात. त्यांनी विकलं तर कल्चर, आपण विकलं तर पाप?”

चांगला मुद्दा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. सेसमी स्ट्रीट नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांची कल्पना होती की, गरीब घरातली मुलं शाळेत जायच्या आधीच मागे पडतात, तर टीव्हीने त्यांना हात द्यावा. सुरुवातीचा पैसा फाउंडेशनांचा आणि सरकारचा होता. पण सरकारी पैसा कायमचा नसतो, हे त्यांना लवकर कळलं. म्हणून त्यांनी पात्रांच्या बाहुल्या, पुस्तकं, खेळणी यांचे परवाने द्यायला सुरुवात केली आणि त्यातून येणारा पैसा कार्यक्रमात घातला. १९८१ मध्ये सरकारी मदत थांबली तरी कार्यक्रम थांबला नाही. १९९६ च्या ख्रिसमसला गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या एल्मोसाठी अमेरिकेतल्या दुकानांत अक्षरशः मारामाऱ्या झाल्या. त्या वेडाची टिंगल करता येईल, पण त्या बाहुलीच्या परवान्याचे पैसे पुढच्या भागाच्या शूटिंगला लागत होते, हेही तितकंच खरं.

फरक इथे आहे. तिकडे माल कार्यक्रमाला जगवण्यासाठी निघाला. इकडे कार्यक्रम मेल्यावर माल निघतोय. एल्मोच्या बाहुलीचे पैसे कुठे जातात, याला एक उत्तर आहे. आमच्या ५९९ रुपयांतले किती मराठी मुलांच्या कार्यक्रमाला जाणार होते? शून्य. आणि हा दोष माझ्या मित्रांचा नाही. त्यांना द्यायची इच्छा असती तरी घेणारं कुणी उरलेलं नाही. ज्या दारावर पैसे द्यायचे, ते दारच बंद आहे.

आणखी एक गोष्ट. माल विकून सेसमी स्ट्रीट कायमचं सुरक्षित झालं, असंही नाही. डीव्हीडीचा धंदा आटला तसं २०१५ मध्ये त्यांना एचबीओशी करार करावा लागला. नवे भाग आधी पैसे भरणाऱ्यांना, आणि नऊ महिन्यांनी सगळ्यांसाठी फुकट. ज्या गरीब मुलांसाठी हे सगळं सुरू झालं, ती रांगेत मागे गेली. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सशी नवा करार झाला तेव्हा सार्वजनिक वाहिनीवर भाग त्याच दिवशी येतील, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं. जगातल्या सगळ्यात लाडक्या बाहुल्यांची ही गत असेल, तर ‘मर्चंडाइज काढलं की संस्था वाचते’ हे स्वप्न कुणी विकायला आलं तर दोनदा विचार करा. माल हा टेकू असतो. छप्पर सार्वजनिक पैशाचंच लागतं.

आपल्याकडे याच घराण्याची ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये आली. शाळेच्या गणवेशातली चमकी, गुलाबी सिंह बूंबा. आमच्या पिढीला पोगोवर दिसले ते, पण शहरांतल्या वस्त्यांमध्ये हातगाडीवर टीव्ही ठेवूनही हा कार्यक्रम दाखवला गेला. ही हातगाडी मला फार महत्त्वाची वाटते. मूल कार्यक्रमापर्यंत येत नसेल तर कार्यक्रमाने मुलापर्यंत जायचं, ही त्यामागची बुद्धी. साइटच्या खेड्यातला टीव्ही संच आणि ही हातगाडी एकाच विचारातून निघाले. टी-शर्ट नेमका उलट्या दिशेने जातो. ज्याच्यापर्यंत सगळं आधीच पोहोचलंय, त्याच्याकडेच तो परत येतो.

दुसरा युक्तिवाद: “टी-शर्टमुळे आठवण तरी जिवंत राहील ना!”

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. मोबाइलमधला फोटो डिलीट झाला तरी कधी कधी गॅलरीत त्याचं थंबनेल दिसत राहतं. तुम्ही त्यावर टॅप करता आणि फाइल उघडत नाही. बालचित्रवाणीचं तेच होऊ घातलंय. शीर्षकाची धून फोनाफोनी फिरते. तीस सेकंदांची क्लिप, खाली शेकडो लोक ‘ते दिवस’ लिहितात. थंबनेल सुखरूप आहे. पण त्या धुनेनंतर जे सुरू व्हायचं, ते कुठाय? या संस्थेने तीन दशकांत हजारो कार्यक्रम केले. तुम्हाला त्यातल्या पाचांची नावं सांगता येतील? तुमच्या भाचीला दाखवायला एखादा सापडेल? आपण आठवण जपतोय ती फक्त पाटीची. टी-शर्ट ती पाटी आणखी मोठ्या अक्षरांत छापतो, एवढंच.

आणि ही भावनिक अडचण नाही, रासायनिक आहे. त्या काळातलं टीव्हीचं काम यू-मॅटिक आणि बीटाकॅमसारख्या चुंबकीय टेपांवर व्हायचं. प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी, एवढाच तो मामला. दमट हवेत तो चिकटा ओलावा ओढतो, टेप चिकट होते आणि मशीनमध्ये घातली की भुकटीच खरवडून निघते. म्हणजे तुम्ही ती शेवटची बघता त्याच क्षणी ती नष्ट होते. त्यात ती चालवणारी यंत्रं आता कुणी बनवत नाही. जी आहेत त्यांचे सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढावे लागतात. कागद शंभर वर्षं टिकतो, टेपेला तेवढी मुदत नसते. डिजिटायझेशन ‘पुढच्या अर्थसंकल्पात’ करू म्हणणं म्हणजे बर्फाची लादी उन्हात ठेवून पावती उद्या फाडू म्हणण्यासारखं आहे.

हे अशक्य काम नाही. त्याच पुण्यात, जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुनी रिळं वाचवायची कशी, हे तिथल्या लोकांना कळतं. बालभारतीने पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ केव्हाच मोफत खुल्या केल्या आहेत. मी विरारमध्ये बसून चौथीचं गणिताचं पुस्तक या क्षणी उतरवू शकतो. पुस्तक खुलं होऊ शकतं, तर त्याच आवाराशेजारी, त्याच शाळांसाठी, त्याच जनतेच्या पैशातून बनलेला कार्यक्रम खुला का होऊ शकत नाही?

कायद्याची बाजूही बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कृतीचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. चित्रपटांनाही तोच नियम. म्हणजे १९८४ मध्ये दाखवलेला कार्यक्रम कायद्याने आपोआप मोकळा होईल १ जानेवारी २०४५ ला. तेव्हा मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असेन, आणि टेप असेलच असं नाही. हक्क शिल्लक आणि वस्तू गायब! गाळेवाल्याला जे ‘टेन्शन नाही’ वाटलं, त्याची खरी गोष्ट ही आहे. सरकारी आहे म्हणजे बेवारशी नाही. सरकारी आहे म्हणजे आपलं आहे, आणि म्हणूनच सरकार एका सहीने ते आजच खुलं करू शकतं. कुठल्या कंपनीला विचारायची गरज नाही, कुठल्या वारसदाराशी वाटाघाट नाही.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकला: “आता यूट्यूब आहे. बालचित्रवाणीची गरज काय?”

गरज काय, हे २०२० ने दाखवून दिलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन वर्ग सुरू झाले ते ज्यांच्या घरी फोन, डेटा आणि रेंज होती त्यांच्यासाठी. जुलैमध्ये सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बनवलेली, पहिली ते आठवीच्या पाठ्यक्रमावरची मालिका. चांगलं काम होतं ते. पण मला सांगा, मराठी शाळांसाठी टीव्हीवर कार्यक्रम बनवणं हे ज्या संस्थेचं एकमेव काम होतं, ती संस्था या राज्याने फक्त तीन वर्षं आधी बंद केली होती. पाऊस पडायच्या आधी छत्री भंगारात घालायची आणि मग शेजाऱ्याच्या छत्रीत शिरायचं, याला नियोजन म्हणतात का?

यूट्यूबचं म्हणाल तर आमच्या तालुक्याकडे बघा. विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीचे टॉवर आहेत. तिथलं तीन वर्षांचं पोर टॅबवर इंग्रजी बडबडगीतं बघत जेवतं. तालुक्याच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे मेढे, भाताणे, शिवणसई अशी गावं आणि त्यांचे आदिवासी पाडे आहेत. तिथलं मूल घरात वारली बोलतं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकतं. पश्चिमेच्या गावांत सामवेदी आणि वाडवळी बोलणारी घरं आहेत, त्यांच्या मुलांनाही पुस्तकातली मराठी ही शाळेत भेटणारी दुसरी भाषा असते. २००९ मध्ये आमच्याकडे महापालिका आली, उड्डाणपूल आले, पण पुढची अनेक वर्षं इथल्या मराठी शाळा जिल्हा परिषदेच्याच गळ्यात राहिल्या. शहराला शाळा नको होत्या. अशा ठिकाणी मुलाला काय दाखवायचं, हे अल्गोरिदमवर सोपवलं तर तो काय दाखवेल? ज्याला जाहिरात मिळते ते. मेढ्याच्या पोराकडे बघून कुणी जाहिरात देत नाही. म्हणूनच तर तिथे सार्वजनिक पैसा लागतो. बाजार जिथे पोहोचत नाही तिथे पोहोचायचं, हा बालचित्रवाणीचा पहिल्या दिवसापासूनचा हेतू होता.

ती संस्था आदर्श होती, असं माझं म्हणणं नाही. तिची मराठी बऱ्याचदा पुण्याची होती, वारली पोराला त्यात आपला शब्द क्वचितच ऐकू आला असेल. कित्येक शाळांतला टीव्ही संच कपाटात कुलूपबंद असायचा, कारण बिघडला तर जबाबदारी गुरुजींची. सरकारी संथपणा होता. पण संस्था सुस्त झाली तर तिला जागं करायचं असतं. आपण तिला पुरून टाकलं आणि आता समाधीवर फुलं विकतोय.

आणि इथे मला टी-शर्टाचा खरा राग येतो. हा कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता, त्यांचा तो टी-शर्ट नाही. ५९९ रुपये देऊन बालचित्रवाणी छातीवर लावणारा माणूस कोण? आयटीतला, बँकेतला, मॉलमध्ये फिरणारा. ज्याला बालचित्रवाणी नसती तरी फारसं बिघडलं नसतं. ज्याचं बिघडलं, तो या नॉस्टॅल्जियात कुठेच नाही. आपण त्याच्या वाट्याची गोष्ट उचलली आणि स्वतःची ‘ओळख’ म्हणून घालून फिरायला लागलो. नॉस्टॅल्जिया वाईट नसतो. पण जी गोष्ट अजून वाचवता येण्यासारखी आहे, तिच्याबद्दल उसासे टाकणं म्हणजे आजारी माणसाला डॉक्टरकडे न नेता त्याचा फोटो फ्रेम करून आणणं.

“मग करायचं काय? हे सरकारचं काम आहे,” असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच. बरोबर, सरकारचंच आहे. म्हणून सरकारला विचारायचं. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आपण इन्स्टाच्या कॅप्शनला यापेक्षा जास्त लिहितो. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. ऑनलाइनही करता येतो.

शालेय शिक्षण विभागाला पाच प्रश्न पुरे आहेत. बालचित्रवाणीच्या एकूण किती टेपा आज ताब्यात आहेत आणि कुठे? त्यांची यादी आहे का, असल्यास प्रत द्यावी. त्या खोलीचं तापमान आणि आर्द्रता कोण मोजतं, शेवटची तपासणी केव्हा झाली? किती कार्यक्रम डिजिटल झाले? जे झाले ते जनतेला मोफत खुले करण्याबाबत काही निर्णय झाला आहे का, असल्यास त्याची प्रत. बस. यात कुणावर आरोप नाही, घोषणा नाही. फक्त आपल्या वस्तूचा हिशेब.

एका माणसाने विचारलं तर अर्ज फायलीत जाईल. पन्नास टी-शर्ट घेणाऱ्या पन्नास जणांनी विचारलं तर कुणीतरी उठून त्या खोलीचं कुलूप उघडेल. कुलूप उघडलं की यादी होईल, यादी झाली की हरवलेलं काय ते कळेल, आणि कळलं की पुढची मागणी करता येईल. सगळ्या टेपा डिजिटल करा, मोफत ठेवा, शिक्षकांना कापायला-जोडायला द्या, आणि वारली, सामवेदी, आगरी बोलणाऱ्या पोरांनी त्यावर आपल्या भाषेत आवाज चढवला तर त्यांना अडवू नका. ज्या दिवशी भाताण्याच्या शाळेतली बाई तिच्या फोनवर बालचित्रवाणीचा जुना भाग लावून वर्गाला दाखवू शकेल, त्या दिवशी खुशाल टी-शर्ट छापा. मी दोन घेईन, काळा आणि मरून.

तोवर ५९९ खिशात ठेवा आणि त्यातले १० काढा.